माझी खूण कुणी पुसली?

टपाल खात्यात मी सदतीस वर्षं नोकरी केली आणि २०१३ साली निवृत्त झाले. तार बंद झाली तीही त्याच वर्षी, जुलै महिन्यात. आमच्या ऑफिसातली पोरं गमतीनं म्हणायची, ‘बाई गेल्या आणि जाताना तारही घेऊन गेल्या.’ आता पुढं काय करणार, असं ज्यानं त्यानं विचारलं. माझं उत्तर ठरलेलं होतं. वाचणार. घरात चौदाशे पुस्तकं होती आणि त्यातली तीनशे तरी वाचायची राहिली होती. पण चार महिने होतात न होतात तोच आमच्या गावच्या वाचनालयाचे कार्यवाह एका सकाळी दारात उभे. म्हणाले, ‘देवघेवीच्या टेबलावर बसायला माणूस नाही. तुम्ही पुस्तकवेड्या. महिनाभर सांभाळता का?’ त्या महिन्याला आता बारा वर्षं होऊन गेली.

श्रोतेहो, पुस्तकवेडी हा शब्द त्यांनी कौतुकानं वापरला होता, आणि मलाही तो तेव्हा कौतुकाचाच वाटला होता. त्या वेडात काय काय असतं हे मला पुढं त्या टेबलावर बसल्यावर कळलं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. मी लहान होते तेव्हाही हे वाचनालय होतं, पण तिथं जायचं ते पुरुषांनी. वर्गणी वडिलांच्या नावावर, आणि पुस्तक आणायचं काम थोरल्या भावाचं. तिथं जाळीची खिडकी होती. यादीत बघून चिठ्ठीवर नंबर लिहायचे, आतला माणूस त्यातलं हाताला लागेल ते आणून द्यायचा. भाऊ बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर लुब्ध. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे त्याला कधी तोटा पडला नाही आणि मला कधी दुसरं काही मिळालं नाही! झुंजार आणि काळापहाड माझ्या घरातले असल्यासारखे झाले होते. तक्रार नाही, मी ते सगळं आवडीनं वाचलं. पण आपल्याला हवं ते पुस्तक आपल्या हातानं कपाटातून काढलंय, असं माझ्या लहानपणी एकदाही घडलं नाही.

म्हणून १९७६ साली नोकरी लागल्यावर मी पुस्तकं विकत घ्यायला लागले. पोस्टात पुस्तकांची व्ही. पी. पार्सलं यायची, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची. दुसऱ्याचं पार्सल उघडता येत नाही, पण वरचा पत्ता वाचता येतो आणि तो टिपूनही घेता येतो. अशा रीतीनं माझा संग्रह वाढला. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, आत नंबर, नाव, खरेदीची तारीख. एकदा नणंदेनं एक कादंबरी नेली आणि परत आणली तेव्हा मधल्या पानावर तिखटाच्या तेलाचा रुपयाएवढा डाग. मी बोलले काही नाही. मात्र दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं, आणि पुढं वर्षभर मी वन्संशी मोजकंच बोलले. किल्ली देव्हाऱ्यात असायची. आलेल्या पाहुण्यांना मी काचेतून पुस्तकं दाखवायची.

तर अशी मी वाचनालयात रुजू झाले.

काम जमायला वेळ लागला नाही. सॉर्टिंगची सवय हाताला होती. पोस्टात गावांचे खण, इथं विषयांचे. ग्रंथालयात पुस्तकं लावण्याची जी दशांश पद्धत आहे ती मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थानं १८७६ साली छापली. साऱ्या ज्ञानाचे त्यानं दहा वर्ग केले, त्यांचे पुन्हा दहा-दहा. मराठी साहित्य त्यात ८९१.४६ या आकड्यावर येतं. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पाककृती ६४१.५. एवढे आकडे पाठ झाले की आमच्यासारख्या वाचनालयाचा निम्मा संसार हाती येतो. मला त्या आकड्यांची मोठी मौज वाटायची. दिवसभर परत आलेली पुस्तकं संध्याकाळी ज्याच्या त्याच्या खणात गेली, की मेलबॅग बांधून गाडीत चढवल्यासारखं हलकं वाटायचं.

सकाळी आठला दार उघडायचं. त्याआधीच पायरीवर चार-पाच मंडळी बसलेली असतात. त्यातल्या दोघांचं एकाच वर्तमानपत्रावरून रोज भांडण. दोघांनाही आधी शेवटचं पान हवं असतं. मी तोडगा म्हणून त्याच वर्तमानपत्राचा दुसरा अंक सुरू केला, तर दोघंही आठ दिवस गप्प गप्प, आणि नवव्या दिवशी दोघंही पुन्हा एकाच अंकाला धरून बसलेले! दुसरा अंक मी बंद केला. नऊनंतर स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. त्यांना आमची पुस्तकं नको असतात. त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि घरी नसलेली शांतता. कुणी म्हणतं, ही काय वाचनालयाची सभासद! मला तसं वाटत नाही. पण तो विषय आज नको.

आज सांगायचं आहे ते पेन्सिलीच्या खुणांचं.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, की आमच्या कथा-कादंबऱ्यांवर जागोजागी बारीक खुणा आहेत. पान २७ च्या आकड्याखाली टिंब. पान ५० वर कोपऱ्यात फुली. कुठं चिमुकलं स्वस्तिक, कुठं इंग्रजी एस. एकाच पुस्तकात सात-आठ तऱ्हेच्या खुणा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकावर लिहू नये, अशी पाटी भिंतीवर आहे, आणि हे काय? मी घरून खोडरबर आणलं. दुपारी वाचनालय बंद असतं, त्या वेळात बसून एकेक पुस्तक काढायची आणि स्वच्छ करायची. असं दीड महिना चाललं होतं. दोन कपाटं झाली. त्या स्वच्छतेचा मला केवढा अभिमान!

एका संध्याकाळी एक आजी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी टेबलावर जवळजवळ आपटलंच. ‘माझी खूण कुणी पुसली?’

मला आधी कळेचना. आजी म्हणाल्या, ‘अहो बाई, मला आता नावं लक्षात राहत नाहीत. वाचलं की सत्ताविसाव्या पानावर टिंब देते. पुस्तक नेताना आधी ते पान बघते. टिंब असलं की ठेवून देते. हे पुस्तक कोरं दिसलं म्हणून नेलं. निम्मं झाल्यावर कळलं, ही पोरगी विहिरीत उडी घेणार. आधी वाचलंय मी हे. आता माझे चार दिवस कोण भरून देणार?’

मागं रांगेत उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, ‘पन्नासावरची फुली माझी.’ मग हळूच एक निवृत्त मास्तर पुढं झाले आणि स्वस्तिक आपलं असल्याचं त्यांनी कबूल केलं. चाळीस वर्षं मुलांना पुस्तकावर गिरगटू नका म्हणून सांगितलेला माणूस! ही पद्धत आमच्याच गावची असेल असं मला वाटलं होतं. नंतर जिल्ह्याच्या ग्रंथालय संघाच्या बैठकीत विषय काढला, तर सगळे हसायला लागले. ज्याच्या त्याच्या वाचनालयात हेच. कुणी कुणाला शिकवलेलं नाही. रजिस्टर आमचं असतं, पण खरी नोंद वाचकांनी आपापली, पुस्तकातच ठेवलेली असते.

मी खोडरबर घरी नेलं. आणि एक नवाच छंद लागला. परत आलेलं पुस्तक खणात ठेवण्याआधी खुणा बघायच्या. हे पुस्तक टिंबानं वाचलं, फुलीनं वाचलं, स्वस्तिकानं अर्ध्यातच सोडलेलं दिसतंय. कारण मास्तर पूर्ण वाचल्याशिवाय खूण करत नाहीत हे मला ठाऊक झालं होतं. मग ‘आजी, तुमचं टिंब यावर अजून नाही’ असं म्हणून पुस्तक पुढं करायला यायला लागलं. सांगते तुम्हाला, आजींनी ते पुस्तक चाळून पिशवीत टाकलं की जो आनंद होतो, तो मला माझ्या चौदाशे पुस्तकांनी दिला नव्हता. एकटीनं वाचण्याचा आनंद मोठाच, मी तो कमी लेखत नाही. पण हा निराळा.

त्याच सुमाराला मी ग्रंथालय प्रशिक्षणाच्या वर्गाला बसले, साठी उलटल्यावर. तिथं डॉ. एस. आर. रंगनाथन यांची ओळख झाली. हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि इतके कंटाळले, की आपली जुनी नोकरी परत द्या म्हणून सांगायला गेले. मग त्यांना शिक्षणासाठी लंडनला पाठवलं गेलं. तिथली ग्रंथालयं बघून आल्यावर मात्र या माणसानं ग्रंथालयाशिवाय दुसरा विचार केला नाही. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं अगदी साधं आहे. पुस्तकं असतात ती वापरण्यासाठी. एवढं सांगायला शास्त्र कशाला, असं मला वर्गात वाटलं होतं. मग सरांनी सांगितलं, युरोपात मध्ययुगात ग्रंथालयातली पुस्तकं साखळीनं फळीला बांधलेली असत. सगळा वर्ग हसला. मला देव्हाऱ्यातली किल्ली आठवली.

आमच्या कामात थोडी हेरगिरीही असते. तिथं अर्नाळकर उपयोगी पडले म्हणायचे! वाचकाला पुस्तकाचं नाव आठवत नसतं. ‘निळं कव्हर आहे, त्यात एक मामा आहे.’ एवढ्यावर शोधायचं. एकदा मुंबईहून एक बाई आल्या. त्यांच्या आजोबांनी १९३० च्या आसपास एक छोटं नाटक छापलं होतं, घरात एकही प्रत उरली नव्हती आणि नाव कुणाला धड आठवत नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. १८०० पासून १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची नोंद या एका माणसाच्या चिकाटीनं तीत झालेली आहे. दोघी मिळून बोट फिरवत बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबांचं नाव सापडलं. एका ओळीची नोंद. बाईंनी त्या ओळीवरून हात फिरवला. पुढं मुंबईत एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात त्यांना ते नाटक वाचायला मिळालं, तसं पत्र आलं. नाटक फारसं बरं नव्हतं, असंही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

आता २०१९ च्या पुराकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

२००५ च्या महापुरात पाणी आमच्या वाचनालयाच्या दुसऱ्या पायरीवरून परत फिरलं होतं. त्यामुळं इथं पाणी येत नाही, ही गावची पक्की समजूत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या गावात रात्रीतून बाजारपेठ बुडाली. माझं घर वरच्या आळीत, त्यामुळं वाचलं. वाचनालयाच्या खालच्या मजल्यावर साडेचार फूट पाणी चढलं आणि पाच दिवस राहिलं.

दार उघडता आलं ते १२ ऑगस्टला. रंगनाथनांचा वाढदिवस, ग्रंथपाल दिन. दरवर्षी त्या दिवशी आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो. फोटो त्या दिवशी टेबलाखाली चिखलात होता.

पुस्तक भिजलं की फुगतं. दाटीवाटीनं लावलेली पुस्तकं फुगून खणात अशी आवळून बसली होती, की ओढून निघेनात. काही लाकडी घोड्यांचे सांधे त्या फुगण्यानंच निखळले होते. गुळगुळीत कागदाची पुस्तकं म्हणजे नुसती वीट झालेली, पान सुटायचं नाव नाही. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून धावपळ. उन्हात टाकली तर पानं वाकडी होऊन कडक होतात, सावलीत वारा हवा. वीज नव्हती, पंखे कुठले? वरच्या आळीतलं मंगल कार्यालय मालकांनी उघडून दिलं. कॉलेजच्या पोरांनी पानांत रद्दी घालत, दर दोन तासांनी ती बदलत, तीन रात्री काढल्या. ही तीच मुलं, खुर्ची आणि पंख्यासाठी येणारी. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘बाई, सहा वर्षं इथं बसतोय, ही पुस्तकं आज पहिल्यांदा हातात घेतोय.’

तरी गेली ती गेलीच. आणि गेली कुठली? वर जुनी गॅझेटियर, मासिकांचे बांधीव खंड, कुणी न उघडलेले ग्रंथ होते. ते सगळे कोरडे ठणठणीत. ८९१.४६३ हा खण मात्र सगळ्यांत जास्त खपणारा, म्हणून टेबलाजवळ खालीच ठेवलेला. तो तीन फळ्या बुडाला. सत्ताविसाव्या पानावरची टिंबं, फुल्या, स्वस्तिकं, चाळीस-चाळीस वर्षांची, सगळी लगद्यात गेली. मी दीड महिना खोडरबर घेऊन बसले होते ना, ते आठवायचं.

आणखी एक गोष्ट. कुणाकडे कुठलं पुस्तक गेलंय त्याची कार्डं ज्या खोक्यात असतात, ते खोकं बुडालं. आमच्याकडे संगणक होता, तो वर्गणीच्या पावत्यांपुरता, आणि तोही पाण्यात. शिपाई दादांनी आदल्या संध्याकाळी कपाटाच्या डोक्यावर चढवल्या म्हणून दाखल नोंदवह्या तेवढ्या वाचल्या. म्हणजे आपल्याकडे कोणती पुस्तकं होती ते सांगता येत होतं, पण बाहेर कुणाकडे काय आहे हे सांगायला कागदाचा कपटा नव्हता. कार्यवाह म्हणाले, ‘बाई, ती आता सोडून द्या.’ मीही सोडली होती.

१७ तारखेला मंगल कार्यालयाच्या दारात पहिला माणूस आला. स्वतःच्या घरात कंबरभर पाणी येऊन गेलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक कादंबरी त्यानं पुढं केली. म्हणाला, ‘माळ्यावर धान्य चढवलं, त्यावर हे ठेवलं होतं. तुमचं आहे.’ मग येतच गेले. वरच्या आळीतले, मळ्यातले, बदली होऊन गेलेले. कुणी पाच वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक आणून मान खाली घालून उभं. ज्यांना मी तीन-तीन स्मरणपत्रं पाठवली होती, मनात नाही नाही ते बोलले होते, त्यांच्याकडची पुस्तकं उशीर झाला म्हणूनच जिवंत होती. दिवाळीपर्यंत चारशे सत्त्याऐंशी पुस्तकं अशी परत आली. वाचनालयात सांभाळून ठेवलेली बुडाली, लोकांनी नेलेली वाचली. आजी नातवाच्या स्कूटरवर बसून आल्या. त्यांच्या पिशवीतलं पुस्तक मी उघडून सत्ताविसावं पान बघितलं. टिंब नव्हतं. ‘शेवटची दहा पानं राहिलीत,’ त्या म्हणाल्या, ‘पण म्हटलं, तुमच्याकडे काहीच नाही. आधी द्यावं.’ मी ते त्यांना पुन्हा दिलं. कार्ड नव्हतं, म्हणून हातावर नंबर लिहून घेतला.

त्या रात्री मी देव्हाऱ्यातली किल्ली काढली. फार उदात्त काही वाटलं वगैरे नाही, उलट पोटात कालवत होतं. एकेक कव्हर बघत बारा वाजले. शंभरेक पुस्तकं बाजूला ठेवली, ती आजही माझ्याकडे आहेत, आणि त्याबद्दल मला कुणी बोलू नये. बाकीची तेराशे दोन टेंपोत भरून गेली. नव्या दाखल नोंदवहीत पहिल्या तेराशे ओळी माझ्याच हातानं लिहिल्या. आतल्या पानावर माझं नाव आणि खरेदीची तारीख, त्याखाली वाचनालयाचा शिक्का. तिखटाच्या डागाचं पुस्तकही त्यात होतं. ते ठेवून घ्यावं का, असं एकदा मनात आलं होतं.

आजी २०२२ साली गेल्या. माझ्या पुस्तकांपैकी दोनशेच्या वर पुस्तकांत सत्ताविसाव्या पानावर टिंब आहे. मोजायला बसले नाही, देताघेता दिसतं तेवढं धरून सांगते.

आणि गेल्या उन्हाळ्यात वन्सं सभासद झाल्या. गुडघे दुखतात, टीव्हीचा कंटाळा येतो म्हणाल्या. बराच वेळ खणांपुढं घुटमळून त्यांनी एक पुस्तक काढलं, उभ्या उभ्या चाळलं आणि टेबलाशी घेऊन आल्या. पुस्तक ओळखायला मला नंबर बघावा लागला नाही. मधलं पान उघडून माझ्यापुढं धरत म्हणाल्या, ‘वहिनी, बघा ना, लोक पुस्तकं कशी वापरतात! कुणी पाडला असेल हो एवढा डाग?’

मी तारखेचा शिक्का मारला. म्हटलं, ‘काय सांगावं, वन्सं. पंधरा दिवसांत परत आणा.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)